दोन सिस्टीममधली वाट कोण तपासतो?

महोदय,

नवी संगणक प्रणाली सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ऑर्डर अडकल्या, बिले दोनदा निघाली, गोदामात माल असून पडद्यावर शून्य दिसू लागला, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. सर्व्हरवर ताण आला एवढे कारण देऊन विषय संपतो. इंटिग्रेशनच्या, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टीम एकमेकींना जोडण्याच्या, चाचणीचे काम करणाऱ्यांना मात्र ठाऊक असते की यातले बरेचसे घोटाळे कुठल्याही एका सिस्टीमच्या आत झालेले नसतात. विक्रीची सिस्टीम ठीक असते, हिशेबाची ठीक असते, गोदामाचीही ठीक असते. एकीकडची माहिती दुसरीकडे ज्या वाटेने जाते ती वाट कुणी नीट तपासलेली नसते. सिस्टीम पुरवणारा प्रत्येक विक्रेता आपल्यापुरती चाचणी करून सही देतो आणि मधल्या जागेची जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडत नाही. नवी प्रणाली लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, नेण्याच्या कागदावर सही करावी लागते अशा व्यवस्थापकांनी, हिशेबनिसांनी आणि गोदाम सांभाळणाऱ्यांनी सहीपूर्वी काय मागावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मधल्या जागेत केवढी चूक लपू शकते हे नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरने दाखवले आहे. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर यानाच्या थ्रस्टरचे, म्हणजे छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे, आकडे पाउंड-फोर्स सेकंदात देत होते आणि घेणारे सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. फरक सुमारे ४.४५ पटींचा. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाजवळ ठरल्यापेक्षा फार खालून गेले आणि संपर्क कायमचा तुटला. फाइल येत होती, उघडत होती, आकडे वाचले जात होते. धंद्याच्या व्यवहारात हीच चूक नग आणि पेटी यांच्या रूपाने येते. ऑर्डरमध्ये १२ नग असतात, घेणाऱ्या सिस्टीममध्ये त्या मालाचे एकक पेटी असते, पेटीत १२ नग असतात आणि गोदामातून १४४ नग बाहेर पडतात. एरर कुठेच येत नाही, कारण १२ हा आकडा दोन्हीकडे वैधच असतो.

काम सुरू होते ते यादीपासून. कोणती सिस्टीम कुणाला काय पाठवते, कोणत्या स्वरूपात, किती वेळाने, दिवसाला किती, उत्तर किती सेकंदांत अपेक्षित आहे, उत्तर आले नाही तर काय करायचे आणि दोन्ही टोकांना जबाबदार माणूस कोण, हे प्रत्येक जोडणीसाठी लिहून काढावे लागते. यादी कधीच पहिल्या फेरीत पूर्ण होत नाही. रात्री एखाद्या सर्व्हरवर पडणारी आणि सकाळी कुणीतरी हाताने उचलून दुसरीकडे टाकणारी फाइल हमखास सुटते, कारण ती कुठल्याच आराखड्यात नसते. ती शोधायची असेल तर आराखडे बाजूला ठेवून महिनाअखेरीस हिशेब बंद करणाऱ्या माणसाशेजारी बसावे.

पुढची नेहमीची चूक अशी की एक स्वच्छ ऑर्डर या टोकाकडून त्या टोकाला पोचली की चाचणी झाली असे धरले जाते. त्यावरून तार जोडली आहे एवढेच कळते. चाचणीची ऑर्डर मुद्दाम वेडीवाकडी हवी. ऑर्डर, बिले एका सिस्टीमकडून दुसरीकडे पाठवण्याच्या एडिफॅक्ट या जुन्या पण आजही चालणाऱ्या स्वरूपाचे उदाहरण घ्या. त्यात अपॉस्ट्रॉफी म्हणजे ओळ, त्यांच्या भाषेत सेगमेंट, संपल्याची खूण. अधिक चिन्ह म्हणजे नवा घटक. ही चिन्हे मजकुरातच आली तर त्यांच्या आधी प्रश्नचिन्ह घालावे लागते. आता ग्राहकाचे नाव ओ'ब्रायन असेल आणि मजकूर या स्वरूपात बदलून पाठवणाऱ्या कन्व्हर्टरने प्रश्नचिन्ह घातले नसेल, तर घेणारी सिस्टीम ‘ओ’वर सेगमेंट संपला असे समजते आणि ‘ब्रायन’ हा नव्या सेगमेंटचा प्रकार म्हणून शोधू लागते. असा प्रकार अस्तित्वात नसतो. शिवाय मेसेजच्या शेवटी किती सेगमेंट आहेत याचा आकडा दिलेला असतो, तोही जुळत नाही. मेसेज परत फिरतो आणि घेणाऱ्याची व्यवस्था कडक असेल तर त्याच फाइलमधल्या इतर निर्दोष ऑर्डरही त्याच्याबरोबर परत जातात. चाचणीत रमेश, सुरेश अशी नावे टाकणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

लांबीची गोष्टही तशीच. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात. समोरच्या डेटाबेसमध्ये नावाची जागा ३५ बाइट असेल तर ११ चिन्हे बसतात आणि बारावे दोन बाइटांवर तुटते. तुटलेल्या चिन्हामुळे काही सिस्टीम पूर्ण नोंद नाकारतात, काही तिथे प्रश्नचिन्ह छापतात. म्हणून मजकुराचा प्रत्येक रकाना एकदा काठोकाठ भरून आणि एकदा रिकामे ठेवून पाठवावे. फाइल कुणी मध्येच एक्सेलमध्ये उघडून जतन करत असेल तर ००१२३ या मालक्रमांकाचे १२३ होते, आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात. १६ अंकी क्रमांक असलेल्या धंद्यात हे जिवावर बेतणारे आहे. अशी फाइल मुद्दाम एक्सेलमधून फिरवून पाठवायची आणि घेणारी सिस्टीम ती नाकारते का हे पाहायचे. मुकाट्याने स्वीकारत असेल तर दोष नोंदवायचा.

रकमांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. सगळ्या चलनांना दोन दशांश असतात हे गृहीतक कोडमध्ये कुठेतरी दडलेले असतेच. जपानी येनला व्यवहारात दशांश नाही, कुवेती दिनारला तीन आहेत. अंकांमधला स्वल्पविराम एका देशात हजार दाखवतो आणि दुसऱ्या देशात दशांश. पूर्णांकनाचा वाद तर प्रत्येक प्रकल्पात होतो. बिलाच्या तीन ओळींवर प्रत्येकी ०.३३४ कर येत असेल आणि एक सिस्टीम ओळीगणिक पूर्णांकन करत असेल तर कर ०.९९ होतो. दुसरी बेरीज करून मग पूर्णांकन करत असेल तर १.०० होतो. एका शतांशाचा फरक, पण ‘ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळली पाहिजे’ असा नियम असेल तर बिल परत येते, आणि अशी बिले रोज शेकड्यांनी परत येऊ लागली की हिशेब विभाग हाताने दुरुस्त्या करू लागतो. कोणती पद्धत खरी हे संगणकवाल्यांनी ठरवायचे नसते. हिशेब विभागाकडून ते लेखी घ्यावे आणि त्या कागदावरून चाचणी लिहावी.

तारखांबद्दल थोडक्यात. वेळेबरोबर टाइमझोन लिहिलेला नसेल तर जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असलेल्या ठिकाणी १ तारखेला रात्री १२.२० वाजता निघालेले बिल आदल्या दिवशीच्या संध्याकाळी ६.५० चे ठरते, म्हणजे आदल्या महिन्यात पडते. जिथे घड्याळे उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे होतात तिथे वर्षातून एका रात्री तोच तास दोनदा येतो आणि त्या तासात लावलेले काम दोनदा चालू शकते. महिनाअखेर, वर्षअखेर आणि २९ फेब्रुवारी या तीन तारखा चाचणीच्या सर्व्हरवर घड्याळ सरकवून तपासाव्यात.

आता ज्या एका चाचणीसाठी आम्ही अडून बसतो तिच्याकडे वळतो. पाठवणाऱ्याने ऑर्डर पाठवली, घेणाऱ्याने ती नोंदवली, पण ‘मिळाली’ हे उत्तर वाटेत हरवले. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ऑर्डर पोचलीच नाही, म्हणून तो ती पुन्हा पाठवतो. आता घेणाऱ्याकडे एक ऑर्डर आहे की दोन? हा प्रसंग नेटवर्क तुटूनच घडतो असे नाही. पाठवणारा ३० सेकंद वाट पाहत असेल, मधला सर्व्हर मागच्या सिस्टीमसाठी ६० सेकंद थांबत असेल आणि मागची सिस्टीम महिनाअखेरच्या ताणात ४५ सेकंद घेत असेल, तर ऑर्डर व्यवस्थित नोंदवली जाते आणि तरीही पाठवणारा ती अयशस्वी समजतो. बाहेरच्या थराची मुदत आतल्या थरापेक्षा जास्त असली पाहिजे, हा साधा नियम आराखड्यात कुणी तपासत नाही, कारण तिन्ही मुदती तीन वेगवेगळ्या चमूंनी ठरवलेल्या असतात. मागच्या सिस्टीमच्या अलीकडे असे तीन थर असतील आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल तर एका अडलेल्या विनंतीचे मागच्या सिस्टीमवर २७ फटके बसतात. आधीच दमलेली सिस्टीम त्याने आडवी होते.

ही चाचणी करायला महागडे साधन लागत नाही. घेणाऱ्या बाजूला नोंद झाल्यानंतर आणि उत्तर जाण्यापूर्वी ती प्रक्रिया बंद पाडायची. काही मिनिटांनी पुन्हा सुरू करायची. मग ऑर्डर, राखून ठेवलेला साठा, बिल आणि ग्राहकाला गेलेला निरोप, चारही ठिकाणी मोजायचे. चारही ठिकाणी एकच आकडा हवा. ऑर्डर एक आणि निरोप दोन असा निकाल वारंवार येतो, कारण दुहेरीपणाची तपासणी फक्त ऑर्डरच्या तक्त्यावर केलेली असते. उपाय म्हणजे प्रत्येक मेसेजला पाठवणाऱ्यानेच एक कायमचा क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवतानाही तोच ठेवायचा, आणि घेणाऱ्याने तो आधी पाहिला असेल तर नवे काही न करता जुनेच उत्तर द्यायचे. काही कोडमध्ये प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक तयार होतो. दिसायला सगळे बरोबर, पण संरक्षण शून्य.

याच ओघात क्रम तपासावा. पुढे जाण्याची वाट पाहणाऱ्या मेसेजांच्या रांगेतून एकाच वेळी दोन प्रक्रिया मेसेज उचलत असतील तर ऑर्डर रद्द केल्याचा मेसेज ऑर्डरच्या आधी पोचू शकतो. ‘अशी ऑर्डर नाही’ म्हणून रद्द करणे फेकले जाते, मागून ऑर्डर येते आणि माल रवाना होतो. आणि रांगेच्या तोंडाशी वाचताच न येणारा एक मेसेज मुद्दाम ठेवून पाहावा. ठरावीक प्रयत्नांनंतर तो वेगळ्या रांगेत बाजूला गेला पाहिजे आणि मागचे मेसेज पुढे सरकले पाहिजेत. बाजूला गेलेला मेसेज दुरुस्त करून पुन्हा कसा पाठवायचा आणि तो अधिकार कुणाला, हेही करून पाहायचे. बाजूची रांग आहे पण तिच्याकडे कुणी पाहतच नाही, ही स्थिती अगदी सर्रास दिसते.

भाराच्या चाचणीत सरासरी आकडा निरुपयोगी आहे. सेकंदाला ४० मेसेज येतात आणि सिस्टीम ५० हाताळते, म्हणून सगळे समाधानी असतात. आता ती दोन तास बंद पडली असे धरा. साचलेले मेसेज झाले २,८८,०००. पुन्हा सुरू झाल्यावर नवे ४० येतच राहतात, म्हणजे साचलेले उपसायला सेकंदाला फक्त १० ची जागा. हिशेब केला तर रांग रिकामी व्हायला आठ तास लागतात. दोन तासांच्या बिघाडासाठी पूर्ण कामाचा दिवस गेला. म्हणून भाराच्या चाचणीत एक प्रश्न हवाच: ठरावीक वेळ बंद ठेवून सुरू केल्यावर रांग किती वेळात रिकामी होते? सोबत सलग ४८ ते ७२ तास मध्यम भाराने चालवूनही पाहावे. कनेक्शन उघडून बंद न करणारे कोड तासाभराच्या चाचणीत निर्दोष दिसते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसते.

चाचणी कुठे केली यालाही किंमत आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली आणि लाखो ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती, पण भाराची चाचणी त्यातल्या एकावरच झाली होती, हे नंतरच्या स्वतंत्र चौकशीत समोर आले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६ कोटी पौंडांहून अधिक दंड केला. चाचणीचे वातावरण लाइव्हपेक्षा लहान असणे परवडते. पण त्याची रचना वेगळी असेल, लाइव्हला दोन सर्व्हर आणि चाचणीला एक, तर एकमेकांच्या पायात पाय घालणारे दोष दिसतच नाहीत.

समोरची सिस्टीम अजून तयार नसते तेव्हा तिच्या जागी नक्कल, म्हणजे स्टब, बसवतात. ते योग्यच आहे. मात्र बहुतेक स्टब प्रत्येक विनंतीला झटपट ‘यशस्वी’ म्हणतात. स्टबला चुका करायला शिकवावे लागते. उशिरा उत्तर द्यायचे, अर्धेच उत्तर देऊन तोडायचे, वरती यशस्वीचा कोड आणि आत एररचा मजकूर असे द्यायचे. हा शेवटचा प्रकार खऱ्या सिस्टीम सर्रास करतात आणि तो न तपासल्यामुळे नाकारलेल्या ऑर्डर ‘पोचल्या’ म्हणून नोंदल्या जातात. फाइल मिळाल्याची पावती आणि ऑर्डर स्वीकारल्याची पावती या दोन वेगळ्या पावत्या आहेत, हेही इथेच पक्के करावे.

चाचणीसाठी खरा डेटा लागतो, कारण बनवलेल्या डेटात खरी घाण नसते. पण त्यातली नावे, पत्ते, फोन, खातेक्रमांक झाकूनच तो आणावा, आणि एका ग्राहकाला सगळ्या सिस्टीममध्ये एकच बनावट क्रमांक पडेल असे झाकावे, नाहीतर जुळणीच तुटते. ईमेल सगळे एक्झाम्पल डॉट कॉमवर वळवावेत. हे डोमेन अशाच कामासाठी राखीव आहे. चाचणीच्या सर्व्हरवरून लाइव्ह पत्त्याकडे जाणारी वाट फायरवॉलमध्येच, म्हणजे नेटवर्कच्या पहाऱ्यावरच, बंद ठेवावी. कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ चुकली म्हणून खऱ्या ग्राहकांना चाचणीची बिले जाणे, हा टाळता येण्यासारखा अपराध आहे.

मात्र चाचणीसाठी घातलेले असे अडसर लाइव्ह जाताना काढायचे असतात, आणि तेही यादी करून. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे टर्मिनल ५ सुरू झाले २७ मार्च २००८ रोजी. सामान हाताळण्याच्या यंत्रणेच्या चाचणीवेळी तिचे मेसेज विमानतळाच्या चालू यंत्रणांमध्ये मिसळू नयेत म्हणून फिल्टर बसवला होता. उद्घाटनानंतरही तो तसाच राहिला, आणि इतर विमान कंपन्यांकडून बदलून येणाऱ्या बॅगांची माहिती टर्मिनल ५ च्या यंत्रणेला मिळेना. इतर कारणांची त्यात भर पडली. पहिल्या दिवसांत उड्डाणे रद्द झाली आणि हजारो बॅगा मागे राहिल्या. फिल्टर, स्टब, वळवलेले ईमेल, सैल केलेल्या मुदती, वाढवलेले लॉग (सिस्टीम स्वतः ठेवते त्या कामाच्या नोंदी), यांपैकी प्रत्येकाची नोंद घालतानाच व्हावी आणि काढल्यावर दुसऱ्या माणसाने सही करावी.

तालीम म्हणजे लाइव्ह जाण्याच्या रात्रीचा पूर्ण सराव. कमीत कमी दोनदा, घड्याळ लावून, त्याच माणसांनी, त्याच क्रमाने. जुनी सिस्टीम कधी थांबणार, वाटेत असलेले मेसेज कुठे जाणार, डेटा हलवायला किती वेळ लागतो, जुळणी कोण करणार, हे मिनिटांत लिहिलेले हवे. परत फिरण्याची वेळही आधीच ठरवावी, म्हणजे पहाटे तीनपर्यंत जुळणी झाली नाही तर जुनी सिस्टीम सुरू करायची, असे. आणि परत फिरण्याचाही सराव करायचा, कारण नव्या सिस्टीममध्ये नोंदलेल्या दोन तासांच्या ऑर्डर जुन्यात कशा न्यायच्या हे कुणीच ठरवलेले नसते. लाइव्हची सर्टिफिकेट (सिस्टीमची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे), त्यांची मुदत, परवानगी दिलेले आयपी पत्ते, पासवर्ड हे चाचणीपेक्षा वेगळे असतात, म्हणून प्रत्येक जोडणीवरून एक निरुपद्रवी मेसेज लाइव्हमध्येच पाठवून पाहावा लागतो.

सगळ्या सर्व्हरवर एकच आवृत्ती गेली का, हे यंत्राकडून तपासून घ्यावे. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने २०१२ मध्ये नवे कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर चढवले. १ ऑगस्टला आठव्यावरचे जुने, वापरातून गेलेले कोड जागे झाले आणि सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून अधिक बुडाले. बाजार उघडण्यापूर्वीच सिस्टीमने कर्मचाऱ्यांना त्या दोषाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. ते धोक्याचा इशारा म्हणून आखलेलेच नव्हते आणि कुणी त्यांच्यावर हालचाल केली नाही. म्हणून इशाऱ्यांचीही चाचणी हवी. एक जोडणी न सांगता बंद करायची आणि कुणाचा फोन किती मिनिटांत वाजतो ते पाहायचे. एरर आल्यावर वाजणारा इशारा पुरत नाही. दर दहा मिनिटांनी येणारी फाइल आलीच नाही तर एररही येत नाही, तेव्हा न येण्यावरही इशारा लावावा लागतो.

शेवटी जुळणी. पाठवलेले बरोबर स्वीकारलेले अधिक नाकारलेले अधिक रांगेत असलेले, हे समीकरण प्रत्येक जोडणीला रोज सुटले पाहिजे, संख्येने आणि रकमेनेही. नुसती संख्या जुळून भागत नाही. एक ऑर्डर हरवली आणि दुसरी दोनदा गेली तरी संख्या जुळते. जुनी आणि नवी सिस्टीम समांतर चालवून निकाल ताडून पाहायचे असतील तर त्या काळात एक महिनाअखेर आलीच पाहिजे, कारण व्याज, परतावे, उलट नोंदी आणि करांचे समायोजन महिन्याच्या मधल्या आठवड्यात बहुधा होत नाही.

लाइव्हची तारीख आधी जाहीर होते, विकास लांबतो आणि चाचणीचे सहा आठवडे आक्रसून दोनवर येतात. असे झाले तर तारीख हलवावी, आणि ते जमत नसेल तर थोड्या ग्राहकांपासून किंवा एकाच शाखेपासून सुरुवात करावी. लाइव्ह जाण्याच्या अटी काम सुरू होतानाच लिहाव्यात: उत्तर हरवल्याची चाचणी पार, रांग ठरल्या वेळेत रिकामी, दोन तालमी पूर्ण, जुळणीत विनाखुलासा फरक शून्य. त्यावर संगणक विभागाबरोबर हिशेब आणि गोदाम विभागाची सही हवी. एखादी अट पुरी झाली नसताना पुढे जायचे ठरले तर तो निर्णय कुणी घेतला आणि काय धोका पत्करून घेतला, हे त्याच कागदावर नावानिशी लिहिले जावे. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी अशा खोळंब्याची बातमी करताना संबंधितांकडे हा कागद आवर्जून मागावा, ही विनंती.

आपले,
सिस्टीम इंटिग्रेशनच्या चाचणीत काम करणारे काही वाचक